आप्पांच्या गाठीला बारापैकी अकरा

ज्या गोष्टीला आकडा लावता येतो तिचा सत्कार करता येतो, हे सार्वजनिक जीवनाचं मूळ तत्त्व आहे. या तत्त्वावर राज्यं चालतात, जिल्हे चालतात आणि कोल्हापुरात तर पेठाच्या पेठा चालतात. आमच्याकडे दहावीला पास झाला म्हणून सत्कार होतो आणि चौथ्यांदा बसला तर जिद्दीचा सत्कार होतो. म्हशीनं एका वेळेला अकरा लिटर दूध दिलं म्हणून म्हशीचा सत्कार होतो, आणि म्हशीच्या डोक्यावर फेटा बसत नाही म्हणून तो मालकाच्या डोक्यावर बांधतात. आमच्या पेठेतल्या चिंचेच्या तालमीनं मागच्या वर्षात एकशे बारा सत्कार केले. तालमीचे सभासद एकशे चार. एक सोडून सगळ्यांचे झाले, आणि उरलेले नऊ सत्कार, सत्कार करणाऱ्यांचे झाले.

अशा या तालमीत आकाराम आप्पा एकसष्ट वर्षांचे झाले तरी बिनसत्काराचे राहिले होते. हा अन्याय नव्हता. आप्पांकडे आकडाच नव्हता. तरुणपणी लाल मातीत पुष्कळ कुस्त्या मारल्या, पण मोजायचं राहून गेलं. पुढं लग्न झालं, म्हशी घेतल्या, दुधाचा रतीब सुरू झाला. दारूच्या वाऱ्याला आप्पा उभे राहिले नाहीत. तीस वर्षांपूर्वीची एक कावीळ तेवढी अंगात मुक्काम ठोकून होती, आणि ती आत बसून लिव्हरवर काय उद्योग करते आहे याचा घरात कुणालाच पत्ता नव्हता.

तो पत्ता तालमीच्या मोफत आरोग्य शिबिरात लागला. (लाभार्थी तीनशे अकरा, काढलेले फोटो नऊशे.) सोनोग्राफीच्या पडद्यावर आप्पांच्या लिव्हरच्या कडेला एक गाठ दिसली. मग मोठ्या हॉस्पिटलात स्कॅन झाला, सुई घालून तुकडा काढला, आणि डॉक्टर अवंतिका यांनी आप्पांना आणि त्यांच्या पत्नी विठाबाईंना समोर बसवून कॅन्सर आहे असं सरळ सांगितलं.

अवंतिकाबाईंचं एक संशोधनही चालू होतं. लिव्हरच्या कॅन्सरच्या पेशींवर कोणते रिसेप्टर किती असतात याची त्या नोंद ठेवत. त्या संशोधनाच्या फॉर्मवर आप्पांनी न वाचताच सही केली होती, कारण जागा दाखवली की सही करायची ही तालमीची जुनी शिस्त.

"काका, पेशीच्या अंगावर कान असतात असं समजा," डॉक्टर म्हणाल्या. "रक्तातनं हॉर्मोन येतात, वाढीचे निरोप येतात. 'वाढ' असा निरोप आला की हे कान तो ऐकून आत पोचवतात. चांगल्या पेशीला मोजकेच कान असतात. तुमच्या गाठीला कानच कान आहेत, आणि पुरुषी हॉर्मोनचे तर फारच. हे सगळं आमच्या अभ्यासासाठी आहे. उपचार यावर ठरत नाही. उपचार म्हणजे गाठ काढायची. आत्ता तीन पूर्णांक एक सेंटिमीटर आहे, दुर्बिणीतनं निघेल. पण तीन आठवड्यांच्या आत."

विठाबाईंनी या सगळ्यातला एक शब्द पदराला बांधला, 'निघेल'. आप्पांनीही एकच शब्द उचलला. तो होता 'पुरुषी'.

इथून पुढे हकिकत राजवर्धनकडे जाते. राजवर्धन म्हणजे तालमीचा अध्यक्ष. वय तेहतीस, व्यवसाय अध्यक्ष. आप्पांचे कागद झेरॉक्स करून आणायला तो गेला आणि दोन तासांनी परत आला तो पेढ्यांचा बॉक्स घेऊनच. संशोधनाच्या कागदावर पाच ओळी होत्या. पुरुषी हॉर्मोनचा रिसेप्टर, तीन अधिक (कागदावर ३+). बायकी हॉर्मोनचा, शून्य. वाढीच्या निरोपांचे दोन रिसेप्टर, एकाला दोन अधिक, दुसऱ्याला तीन अधिक. नव्या रक्तवाहिन्या खेचून आणणारा, तीन अधिक. आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, कमाल श्रेणी तीन.

आता कोल्हापूरच्या माणसापुढे कमाल लिहिलेला तक्ता ठेवला तर तो बेरीज केल्याशिवाय राहील का? राजवर्धननं बायकी हॉर्मोनची ओळ स्पर्धेबाहेर काढली (तिथं शून्य आलं हाच आप्पांचा मान) आणि उरलेल्या चार ओळींची बेरीज केली.

"आप्पा! बारापैकी अकरा! एक्याण्णव पूर्णांक सदुसष्ट टक्के!"

आप्पा खाटेवर उठून बसले. "आमचं?"

"तुमचंच की! आणि ह्ये बघा, शेजारच्या निरोगी लिव्हरला किती? शून्य ते एक. नापास! गाठीनं घराण्याचं नाव राखलं बघा आप्पा."

विठाबाई चुलीपासून उठून दारात आल्या. "आरं राजवर्धन, त्यो कॅन्सर हाय."

"काकी, कॅन्सर हाय त्ये खरंच," राजवर्धन समजुतीनं म्हणाला. "पर साधा हाय का?"

विठाबाईंना सार्वजनिक जीवनाची समज कमीच होती. नवरा जगावा, एवढीच त्यांची संकुचित अपेक्षा. त्यांनी पेढा घेतला नाही.

त्याच आठवड्यात तालमीची तातडीची सभा भरली आणि ठराव क्रमांक एक टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. 'आपल्या तालमीचे ज्येष्ठ सभासद श्री. आकाराम आप्पा यांच्या यकृतातील गाठीने हॉर्मोन व वाढ-घटक रिसेप्टर या विषयात बारापैकी अकरा गुण संपादन करून पेठेच्या लौकिकात भर घातल्याबद्दल ही सभा त्यांचे अभिनंदन करीत आहे, व त्यांचा भव्य नागरी सत्कार सन्माननीय प्रमुख पाहुण्यांच्या सवडीने घेण्याचे ठरवीत आहे.' सूचक, अनुमोदक आणि आभार मानणारा राजवर्धनच होता. एकानं उठून 'गाठ तर काढायचीय म्हणं' अशी शंका काढली, तेव्हा त्याला विषयपत्रिकेवर नसलेल्या विषयावर बोलू नका असं सांगून खाली बसवण्यात आलं.

मग फ्लेक्स लागला. वीस फूट बाय दहा फूट. वर चाळीस सभासदांचे गॉगल लावलेले फोटो, मधे फेटा बांधलेले आप्पा, आणि मागं पार्श्वभूमीला गाठीच्या पेशींचा सूक्ष्मदर्शकातला फोटो. त्या तपासणीत रिसेप्टर तपकिरी-लाल रंगात दिसतात. लांबून पाहणाऱ्या पुष्कळ लोकांनी हा मिसळीचा झणझणीत कट कुठल्या हॉटेलात मिळतो अशी चौकशी केली. खाली मोठ्या अक्षरात 'नाद न्हाय करायचा' आणि त्याखाली '११/१२'.

याचा परिणाम जनजागृतीवर फार चांगला झाला. पुढच्या आठ दिवसांत पेठेतले सव्वीस धडधाकट पुरुष हॉस्पिटलात जाऊन "आमचं बी पुरुषी कान बघा की" म्हणून रांगेत उभे राहिले. ही तपासणी फक्त कॅन्सर असलेल्यांची होते असं डॉक्टरांनी सांगितल्यावर चोवीस जण नाराज होऊन परतले. उरलेल्या दोघांनी, त्यासाठी काय करावं लागतंय, अशी विचारणा केली. पलीकडच्या विहिरीच्या तालमीनंही हात बांधून बसायचं नाही असं ठरवलं. त्यांनी त्यांच्या उदयसिंहांचा फ्लेक्स लावला, 'उपाशीपोटी साखर तीनशे बारा'. पण साखर कोल्हापूरला नवी नाही, त्यामुळे त्या फ्लेक्सखाली गर्दी जमली नाही.

सन्मानचिन्ह चांदीचं करायचं ठरलं आणि हुपरीच्या गुंडू यांना ऑर्डर गेली. गुंडू यांच्या घरात तीन पिढ्या पैंजण बनतात आणि ते हात फार नावाजलेले आहेत. राजवर्धननं त्यांना मोबाइलवर लिव्हरचं चित्र पाठवलं. गुंडू यांनी ते उलटसुलट पाहून, पायताणासारखं दिसतंय, पर करतो, असं कळवलं. दहा दिवसांनी पाव किलो चांदीचं यकृत आलं. आकार अगदी बरोबर होता. फक्त खालच्या कडेला, हाताच्या सवयीनं, घुंगरं लागली होती. आप्पांनी ते हातात घेऊन हलवलं तेव्हा खोलीभर छुमछुम झालं आणि राजवर्धनच्या डोळ्यांत पाणी आलं.

विठाबाईंच्याही आलं, पण त्या आत जाऊन कॅलेंडर बघत होत्या. ऑपरेशनचा गुरुवार चार दिवसांवर आला होता.

आणि प्रमुख पाहुण्यांनी नेमका तोच गुरुवार दिला.

अशा वेळी सुसंस्कृत समाज काय करतो? तो विचारविनिमय करतो. तालमीनं दीड तास विचारविनिमय करून पुढील निष्कर्ष काढला. ऑपरेशन पुढं ढकलता येतं, पाहुणे पुढं ढकलता येत नाहीत. शिवाय सत्काराचा विषय आहे गाठ. ती आधीच काढून टाकली तर व्यासपीठावर सत्कार कशाचा करायचा? नवरदेवाला वरातीआधीच घरी पाठवल्यासारखं व्हायचं. आप्पांनी या तर्कापुढं मान डोलवली. डॉक्टरांना फोन करायचं काम राजवर्धननं स्वतःकडे घेतलं. डॉक्टर अवंतिका फोनवर काय बोलल्या ते सभेच्या इतिवृत्तात आलेलं नाही. 'डॉक्टरांशी सविस्तर चर्चा झाली' एवढंच आहे.

तो गुरुवार आला आणि पाहुणे मुरगूडला एका उद्घाटनाला गेले. पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. मधल्या काळात डॉक्टरांनी हट्टानं पुन्हा स्कॅन करायला लावला. गाठ तीन पूर्णांक सात झाली होती. राजवर्धननं लगेच मोबाइलवर हिशेब मांडला. वाढ एकोणीस टक्के! जिल्ह्यातल्या कुठल्याही योजनेची एवढी वाढ नाही, असं तो चौकात उभा राहून म्हणाला आणि कुणालाही ते खोडता आलं नाही. फ्लेक्सवर कोपऱ्यात 'वाढ १९%' अशी पट्टी चिकटवली गेली.

दुसऱ्या तारखेला पाहुण्यांना दिल्लीहून बोलावणं आलं. पुन्हा महिना गेला. पुन्हा स्कॅन. चार पूर्णांक सहा. पट्टीवर दुसरी पट्टी चिकटली. आप्पांच्या गालांची हाडं वर आली होती, धोतर दोनदा आवळून नेसावं लागत होतं, भाकरी अर्धीच्या वर जात नव्हती. पण गल्लीतनं निघाले की पोरंटोरं 'अकरा आलं, अकरा आलं' म्हणायची, आणि आप्पांची छाती तेवढ्यापुरती पूर्वीसारखी व्हायची.

डॉक्टर अवंतिकांनी एक दिवस विठाबाईंना एकटीला बोलावून घेतलं.

"काकी, मी स्पष्ट बोलू का?"

"बोला की बाई. स्पष्ट बोलणारं कुणी भेटंनाच झालंय."

"दुर्बिणीनं काढायची वेळ गेली. आता पोट मोठं उघडावं लागेल. तेही पुढच्या पंधरा दिवसांत. गाठ मोठ्या नसेच्या शेजारी सरकत चालली आहे. एकदा ती नसेत शिरली की मग मला काढता येणार नाही. मग गोळ्या देऊन रोखून धरायचं, जमेल तितके महिने."

विठाबाई घरी आल्या त्या बसनं की चालत, ते त्यांनाच आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात आप्पा धार काढत होते. विठाबाई शेजारी जाऊन बसल्या. डॉक्टर बोलल्या ते सगळं त्यांनी नवऱ्याला सांगितलं, एक शब्द गाळला नाही. आप्पा ऐकत होते. म्हशीच्या सडावरचा हात थांबला.

"अहो, काय तरी बोला की. किती दिवस ह्यो खेळ?"

"भ्या वाटतंय गं," आप्पा म्हणाले.

चाळीस वर्षांच्या संसारात हा शब्द त्यांच्या तोंडून विठाबाईंनी पहिल्यांदा ऐकला.

"आखाड्यात कवा भ्यालो न्हाय. तिथं समोरचा दिसतोय. त्यानं कुठं हात घातला त्ये कळतंय. हितं भूल दिली की झालं. कोण काय करतंय, मी कुठं हाय, काय पत्ता? आणि उठलोच न्हाय तर? तवर निदान फ्लेक्सवर तरी हाय की."

"आणि तुमी न्हाय ऱ्हायलासा तर मी काय त्या फ्लेक्सला भाकरी वाढू?" विठाबाई ओरडल्याच. म्हैस दचकली. "मला तुमचं अकरा नगं का बारा नगं. मला तुमी पायजे. कळतंय का?"

आप्पांच्या डोळ्यांच्या कडा लाल झाल्या. फेसाळ हातानंच त्यांनी बायकोचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. विठाबाईंना वाटलं, जमलं. पण आप्पा शेवटी म्हणाले, "एवढा सत्कार हुंदे. मग बघू."

आता बाईनं करावं काय? नवऱ्याला भीती वाटते, हे तर साऱ्या पेठेसमोर बोलायची सोय नाही. कॅन्सर जिवावर उठला आहे, हे बोलून झालं, त्याचा उपयोग नाही. विठाबाई दुधाचं कॅन घेऊन संकलन केंद्रावर गेल्या आणि रांगेत त्यांच्यापुढं धोंडुबाई उभ्या होत्या. धोंडुबाई म्हणजे विहिरीच्या तालमीच्या त्या उदयसिंहांची बायको. तालमींचं वैर पुरुषांचं, दुधाची रांग बायकांची, त्यामुळे दोघींचं गूळपीठ होतं.

"काय सांगू बाई," धोंडुबाई आपलं रडगाणं गात होत्या. "आमच्या मालकांची दोन वर्सामागं बायपास झाली न्हवं? अजून पावणं आलं की सदरा वर करत्यात. छातीवर बावीस, पायावर सोळा. अडतीस टाके! एकेक मोजून दाखवत्यात. पावण्यांचा च्या गार हुतोय पर मोजणी काय संपत न्हाय."

विठाबाईंच्या हातातलं कॅन तिथंच थांबलं. "किती म्हणलीस?"

"अडतीस."

ज्यांना सार्वजनिक जीवनाची समज कमी होती त्या विठाबाई रांग सोडून तडक हॉस्पिटलात गेल्या.

"बाई, ह्यांस्नी टाके किती पडतील?"

डॉक्टरांना वाटलं, काकी घाबरल्यात. "बरगडीखालून मोठा चिरा घ्यावा लागेल काकी. हल्ली टाक्यांऐवजी पिना मारतात. पस्तीस-चाळीस सहज लागतील. पण दुखणार नाही फार, तशी औषधं..."

"चाळीसच्या वर जातील असं बघा."

अवंतिकाबाईंच्या चौदा वर्षांच्या नोकरीत अशी मागणी कुठल्याही रुग्णाच्या घरून आलेली नव्हती.  मग त्यांनी वही उघडली आणि म्हणाल्या, "येत्या मंगळवारी टेबल मोकळं आहे. बाकी मी बघते."

त्या दुपारी विठाबाईंनी राजवर्धनला चहाला बोलावलं. सोबत चिवडा ठेवला. आप्पा शेजारीच चांदीचं यकृत फडक्यानं पुशीत बसले होते.

"राजवर्धन," विठाबाई सहज म्हणाल्या, "आपल्या तालमीत सगळ्यात जास्त टाके कुणाला पडल्यात रं?"

"टाके?" राजवर्धननं आठवून बघितलं. "अपेंडिक्सचे सात हाईत एकाला. गेल्या साली मांडीत शिंग घुसलं त्येचे अकरा. का?"

"काय न्हाय. विहिरीच्या तालमीत उदयसिंहांस्नी अडतीस हाईत म्हणं. पावण्यांस्नी बोलवून दाखवत्यात. त्यांचा बी सत्कार करणार हाईत, असं ऐकलं बाई." (शेवटचं वाक्य विठाबाईंनी पदरचं घातलं होतं.)

राजवर्धनचा कप बशीत टेकला. आप्पांच्या हातातलं फडकं थांबलं आणि घुंगरं एकदा वाजून गप झाली.

"अडतीस?" आप्पा म्हणाले. "त्यो उदयसिंह आपल्या फुडं?"

"फुडं म्हंजे काय, मोकळं मैदानच हाय त्यास्नी. डॉक्टरीण बाई म्हणत हुत्या, तुमच्या पोटाला चाळीसच्या वर जातील. पर तुमाला कुठं सवड हाय."

तासाभरात तालमीची तातडीची सभा भरली. ठराव क्रमांक दोन. 'रिसेप्टर हे आतील बाजूस असल्याने सामान्य नागरिकांस दिसत नाहीत. टाके मात्र बाहेरील बाजूस असून कोणासही मोजता येतात. सबब श्री. आकाराम आप्पा यांनी तालमीच्या वतीने अडतीसचा विक्रम मोडण्यासाठी शस्त्रक्रियेस उभे राहावे.' ठराव वाचायच्या आधीच आप्पा घरी जाऊन पिशवी भरत होते. भीती गेली होती का? तसं काही नव्हतं. टॉवेल तीनदा घडी करून पिशवीत घातला आणि तीनदा काढला. पण आता त्या भीतीला समोर एक उदयसिंह दिसत होता, आणि दिसणाऱ्या माणसाशी आप्पा आयुष्यात मागं हटले नव्हते.

गंमत अशी की प्रमुख पाहुण्यांनीही तोच मंगळवार दिला. आणि या खेपेला ते आले. तालीम अजिबात डगमगली नाही. व्यासपीठावरच्या खुर्चीवर आप्पांचा सदरा पसरला, त्यावर फेटा ठेवला, मांडीच्या जागी चांदीचं यकृत ठेवलं. पाहुण्यांनी सदऱ्याला शाल घातली, फेट्याला हार घातला आणि पाऊण तास बोलले. आप्पांसारख्या कर्तबगार गाठी असलेली माणसं आज दुर्मीळ होत चालली आहेत, तरुणांनी त्यांचा आदर्श घ्यावा, आणि आपण निवडून आल्यास प्रत्येक तालुक्यात रिसेप्टर बसवू, असं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या फार पडल्या. सदऱ्यानं सत्काराला उत्तर दिलं नाही याबद्दल कुणी तक्रार केली नाही, उलट आजवरचं सर्वांत आटोपशीर भाषण म्हणून त्याची वाखाणणी झाली.

तिकडं हॉस्पिटलात सकाळी साडेसातला आप्पांची गाडी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी आली. अंगावर हिरवा झगा, डोक्याला हिरवी टोपी. फेटा नाही, फोटोवाला नाही. आप्पांनी हात पुढं केला आणि विठाबाईंनी तो घट्ट धरला.

"हाईस न्हवं हितंच?"

"हाय की. कुठं जाणार?"

"उठलो न्हाय तर म्हशीस्नी..."

"गप बसा. उठणार हाईसा. अडतीस मोडायचं हाय."

आप्पा हसले. दार लागलं.

विठाबाई बाकावर बसल्या. आठ वाजले, दहा वाजले, बारा वाजले. त्या पाणी प्यायल्या नाहीत. कुणी चहा आणून दिला तो हातातच निवला. दुपारी एकच्या सुमाराला सत्कार उरकून तालीम हजर झाली, तीस-पस्तीस जण, गळ्यात उपरणी तशीच, राजवर्धनच्या काखेत घुंगरांचं यकृत. रखवालदार गप्प करी तेवढाच वेळ ते गप्प असत. पिन हा टाका धरायचा की नाही यावर त्यांच्यात दोन तट पडले होते आणि त्यासाठी तीन जणांची उपसमिती नेमायचं चाललं होतं.

दोन वाजता दार उघडलं. डॉक्टर अवंतिका बाहेर आल्या. मास्क हनुवटीखाली ओढलेला, कपाळावर टोपीचा वळ उठलेला. त्या सरळ विठाबाईंकडे आल्या.

"काकी, निघाली. पूर्ण निघाली. नसेला लागायच्या अगदी अलीकडे होती. कडा तिथल्या तिथं तपासून घेतल्या, तिथं एकही वाईट पेशी दिसली नाही. पुढं दर तीन महिन्यांनी बघत राहावं लागेल. पण आज तुमचे मालक जिंकलेत."

विठाबाई बाकावरून उठल्या. त्या तिथंच फरशीवर बसल्या आणि तोंडाला पदर न लावता, लहान पोरीसारख्या, मोठ्यानं रडल्या. डॉक्टर त्यांच्याजवळ खाली बसल्या आणि त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या.

राजवर्धन गर्दीतून वाट काढत पुढं आला. 

"मॅडम, टाके किती?"

वाचकहो, हसू नका त्याला. मागच्या चार ओळींत एक बाई फरशीवर बसून रडत होती, आणि तुमची नजर तिला ओलांडून खाली आकडा कुठं आहे ते शोधत आली, हे आम्ही पाहिलंय. शोधा की, लाज कसली! त्रेचाळीस. उदयसिंहांपेक्षा पाच जास्त.

(आप्पा संध्याकाळी शुद्धीवर आले. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून हे कंसात टाकलं.)